टोकन मोजण्याआधी खातेवही उघडून बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘मोबाइलवर गेम खेळा, टोकन जिंका, टोकन विकून रुपये घ्या’ अशा जाहिराती नागपुरातल्या महाविद्यालयीन मुलांच्या मोबाइलवर सतत येत असतात. हिंगणा रोड, नंदनवन, प्रतापनगर भागात खोली करून राहणाऱ्या मुलांमध्ये या विषयावर बोलणे होते ते दोन टोकांचे. एकाला यात घरबसल्या महिन्याचा खर्च निघताना दिसतो, दुसऱ्याला ब्लॉकचेन म्हटले की सगळाच गंडा वाटतो. ब्लॉकचेनवर प्रोग्रॅम लिहिणाऱ्या आणि अशा व्यवहारांची विवरणपत्रे भरून देणाऱ्या आम्हा काही जणांना ही दोन्ही मते अपुरी वाटतात. ब्लॉकचेन ही सर्वांना उघडी असलेली खातेवही आहे. एखाद्या गेमने किती टोकन (गेमचे स्वतःचे डिजिटल नाणे) छापले, ते कुणाकुणाकडे आहेत, रोज नवे किती बाहेर पडतात, हे त्या वहीत लिहिलेले असते. ते बघायला परवानगी लागत नाही, पैसा लागत नाही, अर्धा-पाऊण तास लागतो. खेळायला या म्हणणारे शंभर जण भेटतात, पण पैसे भरण्याआधी ही वही कशी वाचायची हे सांगणारा क्वचित भेटतो. ती उणीव थोडी तरी भरून निघावी म्हणून हे पत्र.

या गेमची रचना बहुतेक ठिकाणी सारखीच असते. खेळायला लागणारे पात्र, बूट, गाडी किंवा जमिनीचा तुकडा एनएफटी, म्हणजे ब्लॉकचेनवर मालकी नोंदलेली डिजिटल वस्तू, म्हणून विकत घ्यायचा. खेळून टोकन मिळवायचे. ते एक्स्चेंजवर, म्हणजे क्रिप्टोच्या ऑनलाइन बाजारात, विकून आधी यूएसडीटीसारखे डॉलरच्या भावाला बांधलेले नाणे घ्यायचे आणि मग त्याचे रुपये करायचे. टोकन गेम स्वतःच छापतो, त्यामुळे ते वाटताना कंपनीच्या खिशातून काही जात नाही. रुपये मात्र छापता येत नाहीत. तुमचे टोकन जो विकत घेतो त्याच्या खिशातून ते येतात. तो घेणारा कोण आणि तो ते का घेतो, याचे सरळ उत्तर मिळत नसेल तर पुढचे काही वाचायची गरज नाही.

ॲक्सी इन्फिनिटीचे उदाहरण यासाठी नीट समजून घेण्यासारखे आहे. व्हिएतनाममधल्या स्काय मॅव्हिस कंपनीचा हा गेम २०१८ मध्ये सुरू झाला आणि २०२१ मध्ये, टाळेबंदीत कामे गेलेल्या फिलिपिन्समधल्या लोकांमुळे जगभर गाजला. खेळायला तीन ॲक्सी, म्हणजे एनएफटी असलेले गेममधले प्राणी, लागत आणि त्या वर्षी भर तेजीत तीन बऱ्यापैकी ॲक्सींना हजार डॉलरच्या आसपास मोजावे लागत. ज्यांच्याकडे एवढे पैसे नव्हते त्यांच्यासाठी ‘स्कॉलरशिप’ निघाली. मालक आपल्या ॲक्सी दुसऱ्याला खेळायला देई आणि कमाईतला वाटा घेई. ॲक्सी मालकाच्याच वॉलेटमध्ये, म्हणजे ब्लॉकचेनवरच्या खात्यात, राहत; जमा झालेले टोकन १४ दिवसांनी काढता येत.

खेळून मिळणारे टोकन होते एसएलपी. त्याच्या संख्येला वरची मर्यादा नव्हती, आणि ते खर्ची पडण्याची मोठी जागा एकच होती: दोन ॲक्सींची पैदास करून नवी ॲक्सी तयार करणे. नवी ॲक्सी लागते नव्याने येणाऱ्या खेळाडूला. म्हणजे नवे खेळाडू येत राहिले तोवर एसएलपी नष्ट होत राहिले, त्यांचा ओघ आटला तसे ते नुसते साचत गेले. जुलै २०२१ च्या मध्याला एका एसएलपीचा भाव ३० सेंटच्या पुढे होता. फेब्रुवारी २०२२ लागला तेव्हा तो एका सेंटच्या आसपास आला होता. त्याच महिन्यात कंपनीने एकट्याने खेळायच्या भागातले आणि रोजच्या ठरावीक कामांचे एसएलपी देणेच बंद केले, तरीही मे महिन्यात भाव एका सेंटच्या खालीच होता. रोज १०० एसएलपी मिळवणाऱ्याची कमाई ३० डॉलरवरून एका डॉलरच्या आत आली. खेळायचे तास तेवढेच राहिले. चालण्या-धावण्यावर टोकन देणाऱ्या स्टेपनचीही गत २०२२ च्या एप्रिलअखेरीपासून जूनपर्यंत अशीच झाली.

इथे कुणी पैसे घेऊन पळाले नव्हते. गेम खरा होता, कंपनी खरी होती, टोकनही खरे होते. हिशेबच असा होता की आत येणारा पैसा थांबला की बाहेर जाणारा थांबणार. म्हणून ‘हा गेम फ्रॉड आहे का?’ एवढे विचारून भागत नाही.

भावाच्या आकड्याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण सगळ्यात जास्त फसगत तिथेच होते. टोकन विकले की ते एका साठ्यात, म्हणजे लिक्विडिटी पूलमध्ये, जाते आणि पैसे त्याच साठ्यातून मिळतात. समजा, एका नव्या टोकनच्या साठ्यात १० लाख टोकन आणि १० लाख रुपयांचे यूएसडीटी आहेत. भाव झाला १ रुपया. अशा साठ्याचा सर्वसाधारण नियम हा की दोन्ही बाजूंच्या आकड्यांचा गुणाकार कायम राहिला पाहिजे. पहिल्या माणसाने १ लाख टोकन विकले तर साठ्यात ११ लाख टोकन होतात, आणि गुणाकार राखायला दुसऱ्या बाजूला ९,०९,०९१ रुपये उरावे लागतात. म्हणजे विकणाऱ्याला मिळाले ९०,९०९. भाव तिथेच ८३ पैशांवर उतरला. दुसऱ्या माणसाला तेवढ्याच टोकनचे ७५,७५८ मिळतील. असे दहा जणांनी प्रत्येकी लाख टोकन विकले की साठ्यात २० लाख टोकन आणि ५ लाख रुपये राहतात, भाव २५ पैसे होतो, आणि दहाव्या माणसाच्या हातात २६,३१६ रुपये पडतात. एक्स्चेंजची फी यात धरलेलीच नाही. सकाळी मात्र या दहाही जणांना आपापल्या वॉलेटमध्ये एक लाख रुपये दिसत होते. म्हणून भाव बघण्याआधी साठा किती खोल आहे ते बघावे. डेक्सस्क्रीनरसारख्या फुकट साइटवर टोकनच्या नावासमोर ‘लिक्विडिटी’ म्हणून हा आकडा दिलेला असतो. आपल्याला विकायचे आहे ती रक्कम त्या आकड्याच्या एक टक्क्यापेक्षा जास्त असेल तर पडद्यावरचा भाव आपल्याला मिळणार नाही, असे धरून चालावे.

कळमना बाजारात संत्र्याची आवक एकदम वाढली की भाव पडतो, हे नागपूरकराला समजावून सांगावे लागत नाही. टोकनच्या बाबतीत सोय अशी की पुढची आवक बहुधा आधीच जाहीर केलेली असते. गेमच्या श्वेतपत्रिकेत, म्हणजे व्हाइटपेपरमध्ये, संस्थापक, गुंतवणूकदार, सल्लागार आणि खेळाडू यांना किती टक्के टोकन व ते कोणत्या महिन्यापासून मोकळे होणार याचा तक्ता असतो. तो नसेल तर तेवढ्यावरच नाही म्हणावे. तक्ता असेल तर एक साधा गुणाकार करावा. एकूण १०० कोटी टोकन, आज बाजारात ५ कोटी, भाव २ रुपये. जाहिरातीत लिहितात ‘बाजारमूल्य १० कोटी’. सगळे टोकन मोकळे झाल्यावर हाच भाव टिकायचा तर २०० कोटींचे मूल्य लागेल. उरलेले ९५ कोटी टोकन ज्यांच्याकडे आहेत त्यांना ते जवळपास फुकट किंवा पैशा-दोन पैशांना मिळालेले असतात आणि बहुधा वर्षभराच्या बंदीनंतर दर महिन्याला थोडे थोडे मोकळे होत जातात. त्या तारखा कागदावर लिहून ठेवाव्यात. त्या महिन्यांत खेळाडूची मेहनत आणि गुंतवणूकदाराची विक्री एकाच बाजारात समोरासमोर येते.

आता प्रत्यक्ष खातेवही. टोकन चालवणाऱ्या प्रोग्रॅमला करार म्हणतात. त्याचा करारपत्ता, म्हणजे कॉन्ट्रॅक्ट ॲड्रेस, गेमच्या अधिकृत कागदपत्रांतून किंवा कॉइनगेको या भाव दाखवणाऱ्या साइटवरून घ्यावा. गुगलवर शोधून वर आलेल्या जाहिरातीच्या दुव्यावरून किंवा टेलिग्राम ग्रुपमधून कधीही घेऊ नये, कारण त्याच नावाचे खोटे टोकन काढायला पाच मिनिटे पुरतात. हा पत्ता त्या त्या ब्लॉकचेनच्या, म्हणजे साखळीच्या, एक्स्प्लोररवर, म्हणजे खातेवही दाखवणाऱ्या साइटवर, टाकावा: इथेरियमसाठी इथरस्कॅन, बीएनबी चेनसाठी बीएससीस्कॅन, पॉलिगॉनसाठी पॉलिगॉनस्कॅन. पान उघडले की आधी ‘होल्डर्स’ बघावेत. पहिल्या दहा पत्त्यांकडे मिळून किती टक्के टोकन आहेत? त्यातले काही पत्ते एक्स्चेंजचे, काही कुलूपबंद कराराचे असतात; ज्यांना नाव जोडलेले असते ते वगळावेत. उरलेल्या दोन-तीन निनावी वॉलेटकडे निम्म्याहून जास्त टोकन असतील तर भाव त्यांच्या हातात आहे.

मग ‘कॉन्ट्रॅक्ट’ या भागात जावे. तिथे हिरवी खूण नसेल तर कराराचा मूळ कोड प्रसिद्ध केलेला नाही, आणि अशा टोकनला हात लावू नये. खूण असेल तर ‘राइट कॉन्ट्रॅक्ट’ ही यादी उघडावी. प्रोग्रॅमिंग येत नसले तरी तीन-चार शब्द ओळखता येतात. ‘मिंट’ असेल तर कुणीतरी नवे टोकन छापू शकतो. ‘पॉज’ असेल तर सगळ्यांची विक्री एका क्लिकवर थांबवता येते. ‘ब्लॅकलिस्ट’ असेल तर एखाद्याचे वॉलेट अडवता येते. ‘सेट टॅक्स’ किंवा ‘सेट फी’ असेल तर विक्रीवरची कपात उद्या ९९ टक्केसुद्धा करता येते. खऱ्या गेमलाही मिंट बहुधा लागते, बक्षिसे त्यातून निघतात. म्हणून ते कुणाच्या हातात आहे हे ‘रीड कॉन्ट्रॅक्ट’ या भागात ‘ओनर’ या ओळीत बघावे. तिथला पत्ता एकाच माणसाच्या वॉलेटचा आहे की अनेकांच्या सह्यांनी चालणाऱ्या मल्टिसिगचा, हे त्या पत्त्यावर क्लिक केले की कळते. ‘प्रॉक्सी’ असे लिहिलेले दिसले तर आज वाचलेला कोड उद्या बदलू शकतो, हेही ध्यानात ठेवावे.

याच पानावर आणखी एक गोष्ट दिसते आणि आमच्या मते ती सगळ्यात बोलकी आहे. ‘ट्रान्सफर्स’च्या यादीत ज्या नोंदी सगळी शून्ये असलेल्या पत्त्याकडून येतात ते नव्याने छापलेले टोकन. ज्या शून्य पत्त्याकडे किंवा शेवटी ‘डेड’ अशी अक्षरे असलेल्या पत्त्याकडे जातात ते नष्ट केलेले. आठवडाभराच्या या दोन बेरजा शेजारी शेजारी मांडाव्यात. दहा छापले आणि आठ नष्ट झाले तर गेममध्ये टोकनचा खराखुरा वापर आहे. दहा छापले आणि एकच नष्ट झाला, तर उरलेल्या नऊ टोकनसाठी बाहेरून रोज नवा गिऱ्हाईक आणावा लागणार. जाहिरात जोरात का चालली आहे त्याचे कारण तिथेच सापडते.

टेलिग्रामवर बोटाने टिचक्या मारण्याच्या गेमबद्दल फार लिहायला नको. त्यात पैसे भरावे लागत नाहीत, वेळ जातो. हॅम्स्टर कॉम्बॅटचे टोकन २६ सप्टेंबर २०२४ ला वाटले गेले. एकूण १०० अब्ज, त्यातले ६० टक्के खेळाडूंना. दहा कोटी खेळाडू धरून समान वाटणी केली तरी माणशी ६०० टोकन येतात, आणि पहिल्या दिवशीच्या साधारण एका सेंटच्या भावाने त्याचे ६ डॉलर, म्हणजे पाचशे रुपयांच्या आसपास होतात. खेळाडू महिनोन्महिने रात्र-रात्र टिचक्या मारत होते. गेमच्या पडद्यावरची कोट्यवधी ‘नाणी’ आणि ब्लॉकचेनवरचे टोकन यांचा ठरलेला विनिमय दर आधी कुठेच नव्हता. तो कंपनीने शेवटी ठरवला. ही वाटणी वही न उघडताही आधी करून बघता आली असती, फक्त भागाकार करायचा होता.

वॉलेटबाबत थोडे नेटाने सांगावे लागेल, कारण पैसा खरा तिथून जातो. गेमसाठी वेगळे वॉलेट काढावे, त्यात फक्त त्या आठवड्याच्या खर्चापुरती रक्कम ठेवावी, आणि ज्यात बचत आहे ते वॉलेट कुठल्याही गेमला कधीही जोडू नये. १२ किंवा २४ शब्दांचा सीड फ्रेज कागदावर हाताने लिहावा. त्याचा फोटो काढू नये, व्हॉट्सॲपवर स्वतःलाही पाठवू नये, गुगल ड्राइव्हवर ठेवू नये. हे शब्द ज्याच्याकडे, वॉलेट त्याचे. कस्टमर केअरला ते कधीही लागत नाहीत, मागणारा चोरच असतो.

चोरीची दुसरी वाट मंजुरीची. गेम किंवा बाजारपेठ आपले टोकन हलवण्याची परवानगी, म्हणजे ‘अप्रूव्ह’, मागते, आणि रक्कम बहुतेक वेळा ‘अमर्याद’ भरलेली असते. तिथे आपल्या व्यवहाराएवढाच आकडा टाकावा. एनएफटीसाठी ‘सेट अप्रूव्हल फॉर ऑल’ विचारले तर ती त्या संचातल्या सगळ्या एनएफटींची परवानगी असते. आणखी फसवी असते ती नुसती सही. ‘यात गॅस फी (साखळीवर व्यवहार नोंदवायची फी) नाही, फक्त साइन करा’ असे सांगतात, पण ‘परमिट’ प्रकारच्या सहीने फी न भरताही टोकन हलवायचा हक्क देता येतो. म्हणून फी लागत नाही हा सुरक्षिततेचा पुरावा नव्हे. काम झाले की दिलेल्या मंजुऱ्या रद्द कराव्यात. इथरस्कॅन आणि त्याच्या भावंडांवर ‘टोकन अप्रूव्हल्स’ नावाचे पान असते, तिथे वॉलेट जोडून ‘रिव्होक’ करता येते. नाममात्र गॅस फी लागते.

रद्द न केलेली परवानगी किती महागात पडते हे खुद्द ॲक्सीच्या कंपनीने अनुभवले. तिच्या रोनिन साखळीवरून पैसे काढायला नऊ पडताळणीदारांपैकी पाच सह्या लागत. चार किल्ल्या कंपनीकडेच होत्या. पाचवी ॲक्सी डीएओची, म्हणजे ॲक्सीशी जोडलेल्या एका वेगळ्या संस्थेची. कामाचा ताण होता म्हणून नोव्हेंबर २०२१ मध्ये तिच्या वतीने सही करायची मुभा कंपनीला दिली गेली. डिसेंबरमध्ये ती व्यवस्था थांबली, पण मुभा काढून घ्यायची राहिली. २३ मार्च २०२२ ला हल्लेखोरांनी कंपनीच्या चार किल्ल्या आणि ही राहून गेलेली मुभा वापरून १,७३,६०० इथर (इथेरियमचे नाणे) आणि २ कोटी ५५ लाख यूएसडीसी (डॉलरला बांधलेले आणखी एक नाणे) नेले, आणि २९ मार्चपर्यंत ते कुणाच्या लक्षातही आले नाही. अमेरिकेच्या एफबीआयने नंतर उत्तर कोरियाच्या लाझारस गटाचे नाव घेतले. ब्लॉकचेनचे गणित कुठेही मोडले नव्हते. किल्ल्या थोड्या हातांत होत्या, एवढेच कारण.

सरळ लुबाडणुकीची खूणही एकच सांगता येईल. ॲपवर शिल्लक दिसते, काढायला गेले की आधी ‘कर’, ‘पडताळणी शुल्क’ किंवा ‘व्हीआयपी स्तर’ म्हणून पैसे भरायला सांगतात. आपलेच पैसे काढायला आणखी पैसे मागणारा गेम हा गेम नसतो, आणि त्यावर दिसणारी शिल्लक कुठल्याही साखळीवर नसते. त्याला व्यवहाराचा हॅश, म्हणजे साखळीवरच्या नोंदीचा क्रमांक, मागावा आणि एक्स्प्लोररवर टाकून बघावा, नोंद सापडणार नाही. प्ले स्टोअरबाहेरून आलेली एपीके फाइल टाकू नये. तिने ‘ॲक्सेसिबिलिटी’ची परवानगी मागितली तर मोबाइलचा पडदा दुसऱ्याच्या हाती जातो, बँकेच्या ओटीपीसकट. वॉलेटमध्ये न मागता आलेले अनोळखी टोकन विकायला जाऊ नये. पैसे पाठवताना पत्त्याची पहिली-शेवटची चार अक्षरे जुळली म्हणून थांबू नये, तशीच अक्षरे असलेले पत्ते मुद्दाम तयार करून आपल्या व्यवहारांच्या यादीत घुसवले जातात. आपल्या भागाला हा धोका परका नाही. जुलै २०२३ मध्ये नागपूरच्या एका व्यापाऱ्याला ऑनलाइन जुगारात ५८ कोटींना बुडवल्याची तक्रार झाली आणि पोलिसांचे छापे गोंदियात पडले, हे वाचकांना आठवत असेल.

टोकनचे रुपये करताना पी२पीवर, म्हणजे अनोळखी माणसाला थेट यूएसडीटी विकून, जरा जास्त भाव मिळतो. तो भाव का मिळतो याचा विचार करावा. समोरच्याने पाठवलेले रुपये एखाद्या सायबर गुन्ह्यातले असतील तर ते पैसे ज्या ज्या खात्यांतून गेले ती खाती गोठवली जाऊ शकतात, आणि गोठलेले खाते सोडवायला दुसऱ्या राज्यातल्या पोलिस ठाण्यापर्यंत पत्रव्यवहार करावा लागतो. विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती आणि मेसचे पैसे त्याच खात्यात असतात. एफआययू, म्हणजे केंद्राच्या आर्थिक गुप्तवार्ता विभागाकडे, नोंदणी असलेल्या भारतीय एक्स्चेंजवरूनच विकावे, आणि त्यासाठी बँकेत वेगळे खाते ठेवावे. ‘तुझे खाते महिनाभर वापरू दे, पाच हजार देतो’ असे कुणी म्हटले तर पोलिसांच्या नोंदीत आरोपी म्हणून नाव खातेदाराचे लागते, वापरणाऱ्याचा पत्ताही लागत नाही.

कराचा हिशेब जाहिरातीत कधीच नसतो. १ एप्रिल २०२२ पासून आभासी मालमत्तेच्या विक्रीतल्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आहे, ४ टक्के उपकर धरून ३१.२ टक्के. खरेदी किंमत सोडून काहीही वजा होत नाही: गॅस फी नाही, इंटरनेट नाही, मोबाइल नाही. तोटा दुसऱ्या टोकनच्या नफ्यातूनही वळता होत नाही आणि पुढच्या वर्षीही नेता येत नाही. एक उदाहरण घेऊ. मुलाने २०,००० रुपयांना गेममधले पात्र घेतले, वर्षभराने ते ५,००० ला विकले, आणि दरम्यान मिळालेले टोकन १२,००० ला विकले. गेले २०,०००, आले १७,०००, म्हणजे खिशातून ३,००० गेले. तरी त्या १२,००० ची खरेदी किंमत शून्य धरली तर त्यावर ३,७४४ रुपये कर बसतो. टोकन हातात पडले त्या दिवशीच्या मूल्यावर वेगळा कर लागतो का, हा प्रश्न सनदी लेखापालाला विचारून घ्यावा, कारण खरेदी किंमत काय धरायची ते त्यावर ठरते. त्यासाठी प्रत्येक बक्षिसाची तारीख, टोकनची संख्या आणि त्या दिवसाचा रुपयांतला भाव एका तक्त्यात उतरवत जावे. मार्चमध्ये मागे जाऊन हे जमत नाही. १ जुलै २०२२ पासून विक्रीवर १ टक्का टीडीएसही आहे. एक टोकन देऊन दुसरे घेणे हीसुद्धा विक्रीच. कापलेला टीडीएस आयकर खात्याच्या वार्षिक माहितीपत्रकात दिसतो, म्हणून विवरणपत्रात व्यवहार दाखवला नाही तर विसंगती त्यांना आपोआप दिसते.

आणि आता कायदा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला. ई-स्पोर्ट्स आणि मनोरंजनाचे गेम एका बाजूला ठेवून ‘ऑनलाइन मनी गेम’वर बंदी घालणारा हा कायदा आहे. पैसे किंवा इतर काही पणाला लावून, आर्थिक लाभाच्या अपेक्षेने खेळला जाणारा गेम अशी त्याची साधारण व्याख्या आहे, मग तो कौशल्याचा असो की नशिबाचा. ‘इतर काही’ यात क्रेडिट, नाणी, टोकन किंवा तत्सम वस्तू, खऱ्या किंवा आभासी, थेट वा आडवळणाने पैसे देऊन घेतलेल्या, असा स्पष्ट उल्लेख आहे. त्यामुळे आधी पैसे मोजून पात्र घ्यायला लावणारा आणि बदल्यात विकता येणारे टोकन देणारा गेम या व्याख्येच्या फार जवळ जातो, असे आमचे वाचन आहे. काही न भरता खेळायच्या गेमचा प्रश्न वेगळा. खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही. गेम चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद व १ कोटीपर्यंत दंड, आणि जाहिरात करणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद व ५० लाखांपर्यंत दंड आहे. रेफरल कोड टाकून इन्स्टाग्रामवर रील करणाऱ्या मुलांनी जाहिरातीची ही शिक्षा पुन्हा वाचावी. स्वतः खेळणे आणि लोकांना बोलावणे यांत कायद्याने मोठे अंतर ठेवले आहे, आणि रेफरलचे टोकन घेणारा दुसऱ्या बाजूला मोजला जाऊ शकतो.

या सगळ्यावरून ब्लॉकचेनच नको असा निष्कर्ष कुणी काढू नये, अशी आमची मनापासून इच्छा आहे. याच विदर्भात, गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली उपविभागात, २०२२ मध्ये ६५,००० जातप्रमाणपत्रे पॉलिगॉन साखळीच्या आधारे पडताळता येतील अशी सोय झाली. प्रमाणपत्र खरे की बनावट हे कुणालाही तपासता यावे, हा या तंत्राचा साधा आणि खरा उपयोग. ज्या मुलाला गेम आवडतात त्याने सेपोलियासारख्या चाचणी साखळीवर, फुकट मिळणाऱ्या चाचणी इथरने, स्वतःचे टोकन काढून बघावे. सॉलिडिटी या प्रोग्रॅमिंग भाषेतला पन्नास ओळींचा करार लिहायला, रीमिक्स या ब्राउझरमधल्या साधनावर चालवायला आणि एक्स्प्लोररवर पडताळायला दोन रविवार पुरतात. स्वतः ‘मिंट’ लिहून हवे तेवढे टोकन एकदा छापले की दुसऱ्याच्या टोकनकडे बघायची नजर कायमची बदलते. व्हीएनआयटी आणि इतर अभियांत्रिकी महाविद्यालयांनी हा प्रयोग पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांकडून करून घ्यावा.

आपल्या दैनिकाकडे तीन विनंत्या. टोकन कमावून देणाऱ्या गेमची जाहिरात, मग ती ‘प्रायोजित मजकूर’ म्हणून आली तरी, घेऊ नये. एखाद्या टोकनच्या भावाची बातमी देताना बाजारात असलेले टोकन, एकूण टोकन आणि साठ्याची खोली हे तीन आकडे भावाशेजारी छापावेत. आणि फसवणुकीच्या प्रत्येक बातमीखाली चौकट द्यावी: पैसे गेल्याचे कळताच आधी १९३० वर फोन, मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार, मग शहर पोलिसांच्या सायबर ठाण्यात अर्ज. सोबत बँकेचा यूटीआर क्रमांक, ब्लॉकचेनवरचा व्यवहाराचा हॅश, समोरच्या वॉलेटचा पूर्ण पत्ता आणि ग्रुप सोडण्याआधी काढलेले स्क्रीनशॉट. पैसा बँकेच्या साखळीत असेपर्यंत तो अडवता येतो, यूएसडीटी होऊन परदेशी वॉलेटमध्ये गेला की फार अवघड होते, म्हणून पहिले काही तास महत्त्वाचे. ‘बुडालेले क्रिप्टो परत मिळवून देतो’ म्हणून नंतर जो फोन येतो, त्याला एक रुपयाही देऊ नये, हेही त्याच चौकटीत यावे.

आपले,
परसोडी व धंतोली भागातील काही ब्लॉकचेन प्रोग्रॅमर आणि कर सल्लागार,
नागपूर